शारजाला कॉल लावायचाय: आमच्या घरातली ॲपांची ट्रायल

2025च्या सुरुवातीला धाकटा भाऊ शारजाला लागला, एसीच्या कामावर. जाताना बोलण्याचं टेन्शन कुणालाच नव्हतं, व्हॉट्सॲप आहे की, रोज बघू रोज बोलू, असं सगळ्यांचं चाललेलं. तिकडं पोचल्यावर त्याचा मेसेज आला, "पोचलो. इथनं कॉल लागत नाही, मेसेज टाका." झालं, मायचा जीव खालीवर. तिला वाटलं पोरगं कायतरी लपवायलंय, हात मोडलाय नाहीतर कंपनीनं फोन काढून घेतलाय. तिला हे समजावून सांगायलाच दोन दिवस गेले की अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, फोटो जातो, व्हॉइस नोट जाते, पण कॉल तेवढा लागत नाही, कारण इंटरनेटवरनं बोलायच्या ॲपला तिथल्या टेलिकॉम खात्याची परवानगी लागते आणि व्हॉट्सॲपचे कॉल त्यात बसत नाहीत. "मग फोटो कसा आला?" हा तिचा प्रश्न काही सुटला नाही, आणि खरं सांगायचं तर प्रश्न बरोबरच आहे.

रूमवरच्या पोरांनी भावाला व्हीपीएन, म्हणजे नेटची वाट वळवून बंद असलेलं चालू करणारं ॲप, टाक म्हणून सल्ला दिला. मी म्हणलं थांब जरा, आधी वाचू दे. वाचलं तर तिकडच्या कायद्यात व्हीपीएन वापरून गुन्हा केला किंवा लपवला तर दंड 5 लाख दिरहॅमपासून सुरू होऊन 20 लाखापर्यंत जातो. आता घरी कॉल करणं त्यात किती बसतं, किती नाही, हे कोर्टात जाऊन कोण तपासणार? त्याला म्हणलं, बाबा तू कमवायला गेलायस, तिथं दंड भरत बसायला नाही, सरळ मार्गानं काय जमतंय ते बघू. तिथनं आमची ॲपांची जत्रा सुरू झाली.

आता आमच्याकडची परिस्थिती आधी सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी औशात, माझं कृषी सेवा केंद्र आहे. अण्णा, माय, भावजय आणि धाकट्याची दोन वर्षाची पोरगी गावाकडं, तेरणाकाठाला, जिथं नेटवर्क गच्चीवर मिळतं आणि घरात फक्त न्हाणीजवळच्या खिडकीत. ताई पुण्याला, तिच्याकडं वायफाय आहे त्यामुळं ती सगळ्यांना शहाणपण शिकवती. ताईचा पोरगा, म्हणजे माझा भाचा, लातूरला नीटच्या क्लासला, आणि त्याच्या होस्टेलला स्मार्टफोन चालत नाही, बटणाचा डबडा फोन फक्त. आणि धाकटा शारजाला, जिथं घड्याळ आपल्या दीड तास मागं. म्हणजे आपल्याकडं रात्रीचे आठ वाजले की त्याचे साडेसहा, तेव्हा तो साईटवरनं परत यायलेला असतो. या पाच टोकांना एकावेळी बोलता आलं पाहिजे अशी मायची मागणी. अजून एक, अण्णांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं, आणि मशीन घ्या म्हणलं की ते विषय बदलतेत.

पहिल्यांदा टाकलं बोटिम. तिकडं परवानगी असलेल्या ॲपांत ते आहे, तिथली निम्मी कामगार पोरं त्याच्यावरच घरी बोलतेत. चालतं, एकाला एक चांगलं चालतं. पण त्याची गंमत अशी की ते समोरच्याकडं पण पाहिजे. म्हणजे अण्णांच्या फोनमध्ये टाका, भावजयीच्या टाका, माझ्या टाका, ताईच्या टाका. अण्णांचा फोन 32 जीबीचा, त्यातली निम्मी जागा शुभ सकाळच्या फुलांनी आणि विठ्ठलाच्या फोटोंनी खाल्लेली. एक फोटो डिलीट करायचा म्हणलं की "देवाचा आहे, राहू दे." शेवटी देवाचे फोटो एका मेमरी कार्डावर टाकून दिले आणि जागा केली. ॲप टाकून झालं पण अण्णांना एकाच्या जागी दोन हिरवी-निळी चित्रं झाली, कुठल्यानं कोण लागतंय हे लक्षात राहीना, ताईला बोटिमवर आणि धाकट्याला व्हॉट्सॲपवर लावत बसायचे आणि मग मला फोन, "उचलीनात रे कुणीच."

ताई म्हणली झूम घ्या. झूम आमच्या घरात नवीन नव्हतं, 2020च्या लॉकडाऊनला भाच्याची शाळा, एका चुलत भावाच्या पोराचं बारसं, आणि एकाचं तेरावं सुद्धा त्याच्यावर झालेलं. तेव्हा केंद्राच्या गृहखात्यानं ते सरकारी कामाला वापरू नका म्हणून सूचना काढली होती, आणि त्याच महिन्यात झूमवाल्यांनी पासवर्ड, वेटिंग रूम हे सगळं आपोआप चालू करून ठेवलं. सुरक्षेला ते बरंच झालं, पण आमच्याकडं त्याचा अर्थ असा की माय बाहेर वेटिंग रूममध्ये आणि ताई आत तिची वाट बघायली, "माय अजून आली नाही का ओ?" आणि माय तिकडं फोनला सांगायली, "मी आलीय, दार उघड." परत फुकटच्या प्लॅनला 40 मिनिटांची मर्यादा. फुकटात देतेत म्हणल्यावर मर्यादा असणारच, तक्रार नाही. पण आमच्याकडं पहिली पंधरा मिनिटं "आवाज यायलाय का?", "दिसायलोय का?" ह्यात जातेत, मग पाच मिनिटं पुतणीला फोनपुढं बसवण्यात, आणि अण्णा बोलायला सुरू करतेत तेव्हा घड्याळ उलटं पळायला लागतं. एकदा बरोब्बर अण्णा ऊसाच्या बिलावर बोलायले आणि मीटिंग संपली. त्यांना वाटलं धाकट्यानं रागानं फोन ठेवला. त्याच्यावरनं दोन दिवस घरात शांतता.

मी जरा टेक्निकल नादाचा माणूस आहे, म्हणून मधी जित्सी मीट पण लावून बघितलं. ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, ब्राउजरमध्ये चालतं, लिंक पाठवली की समोरचा नुसता आत. पूर्वी रूम बनवायला पण काहीच लागत नव्हतं, 2023च्या ऑगस्टपासून त्यांच्या मुख्य साइटवर रूम उघडणाऱ्याला गूगल किंवा तसल्या कुठल्यातरी खात्यानं लॉगिन करावं लागतं, बाकीच्यांना नाही. मला ते लई आवडलं. औसा ते पुणे मस्त चाललं. पण तिकडच्या परवानगीच्या यादीत ते नाही, म्हणजे ज्याच्यासाठी एवढं चाललंय तोच बाहेर, मग काय उपयोग.

इथं एक गोष्ट सांगतो जी मला ह्या सगळ्या खटाटोपात कळली आणि जी कुठलंच ॲप जाहिरातीत सांगत नाही. दोघांचाच कॉल असला तर बऱ्याचदा एका फोनचा डेटा थेट दुसऱ्या फोनला जातो. पण ग्रुप कॉल झाला की सगळं मधल्या सर्व्हरवरनं फिरतं, आणि प्रत्येक फोनला बाकी सगळ्यांची चित्रं खाली ओढावी लागतेत. म्हणजे मी माझा कॅमेरा चालू ठेवला तर त्याचा बोजा माझ्यापेक्षा खिडकीत उभ्या असलेल्या मायच्या फोनवर जास्त पडतो. हे कळल्यावर मी नियम केला, पुतणी आणि धाकटा ह्या दोघांचेच कॅमेरे चालू, बाकीच्यांनी आपली तोंडं बंद ठेवा, म्हणजे कॅमेऱ्याची. ताईला राग आला, तिनं साडी नवीन नेसलेली होती. पण फरक पडला, चित्र अडकायचं लई कमी झालं. आवाजाला तसं डेटा लागतच नाही म्हणलं तरी चालेल, ह्या कॉलमध्ये ओपस म्हणून एक कोडेक, म्हणजे आवाज दाबून बारीक करायची पद्धत, बऱ्याच ठिकाणी वापरतेत, ते सेकंदाला 6 किलोबिटवर सुद्धा आवाज पोचवू शकतं. चित्राला त्याच्या शेकडो पट लागतो. म्हणून नेटवर्क ढासळलं की चित्रावर पाणी सोडायचं आणि आवाज धरून ठेवायचा. व्हॉट्सॲपमध्ये पण स्टोरेज अँड डेटामध्ये "यूज लेस डेटा फॉर कॉल्स" म्हणून बटण आहे, ते मी ताईशी बोलायला अण्णांच्या फोनवर कायमचं चालू करून ठेवलंय.

मग दुसरा त्रास निघाला. रविवारी मी गावाकडं गेलेलो, अण्णांचा फोन, भावजयीचा फोन आणि माझा, तिन्ही त्याच कॉलवर, एकाच खोलीत. जो काय कुईईई आवाज सुरू झाला, शेजारची म्हातारी विचारायला आली की मिरवणूक आहे का. फोन स्वतःच्या स्पीकरमधनं जे वाजवतो तेवढंच स्वतःच्या माईकमधनं वजा करू शकतो, शेजारच्या फोनच्या स्पीकरचं त्याला काय माहीत, मग एकाचा आवाज दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात आणि परत पहिल्यात. उपाय साधा, एका खोलीत एकच फोन. पण "मग मी कुठनं बोलू?" हे तिघांनी विचारलं. शेवटी एक फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि सगळ्यांनी त्याच्यापुढं बसायचं असं ठरलं. फोन हातात धरला की माय तो कानाजवळ नेती, मग धाकट्याला अर्धा तास मायचं कानातलं दिसतं. डब्याला टेकवला की निदान कपाळ तरी दिसतं.

भाच्याचं काय करायचं हा प्रश्न होताच. डबड्या फोनला कसलं ॲप. त्याला साध्या कॉलवर कॉन्फरन्समध्ये घ्यायचं, त्यात कसलं इन्स्टॉल नाही, ओटीपी नाही, लिंक नाही. साधा कॉल लावा, ॲड कॉल, मर्ज. खरं सांगू का, आमच्या भारतातल्या चार टोकांसाठी ह्याच्याइतकं बिनत्रासाचं काहीच निघालं नाही. पण धाकट्याला त्यात घ्यायचं म्हणजे आयएसडी. मग मी जुगाड केला, एका फोनवर धाकटा इंटरनेटवरनं, दुसऱ्यावर भाचा साध्या कॉलवर, दोन्ही स्पीकरवर समोरासमोर ठेवले. मामा-भाचा बोलले. आवाज विहिरीतनं आल्यासारखा आणि दर वाक्याला थांबावं लागायचं, कारण दोन्हीकडच्या उशिराची बेरीज व्हायची. एका बाजूला आवाज पोचायला 150 मिलिसेकंदाच्या वर गेला की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतेत, असा टेलिफोनवाल्यांचा जुना हिशेब आहे, आमचं तर त्याच्या कितीतरी पुढं गेलेलं. पण भाच्याला मामानं "अभ्यास चाललाय का" एवढंच विचारायचं होतं आणि भाच्याला "हाव" एवढंच म्हणायचं होतं, तेवढ्याला पुरलं.

मधी मे महिन्यात स्काइप बंद झालं, 5 मे 2025ला. आमच्या कॉलला त्याचा काही संबंध नव्हता, पण मला जरा वाईट वाटलं. लातूरला कॉलेजला असताना सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून याहू मेसेंजरवर बसायचो, मग जीटॉकचा हिरवा ठिपका, मग स्काइप. याहू मेसेंजर 2018ला गेलं, जीटॉकच्या जागी आलेलं हँगआउट्स 2022ला गेलं, आता हे. मायक्रोसॉफ्टनं 2011मध्ये साडेआठ अब्ज डॉलरला घेतलेली वस्तू, आणि शेवटी लोकांना टीम्सवर जा म्हणून सांगितलं. टीम्स टाकून बघितलं, तिकडं चालतंय पण. पण ते उघडलं की अण्णांना बँकेत आल्यासारखं वाटतं, इतके रकाने. राहू दे म्हणलं.

सप्टेंबरात अरट्टैची लाट आली. झोहोचं ॲप, निघालेलं 2021च्या जानेवारीत, तेव्हा कुणी बघितलं नाही, आणि 2025च्या सप्टेंबरच्या शेवटी एकदम स्वदेशीचं वारं सुटलं. झोहोचे श्रीधर वेंबू यांनी सांगितलं होतं की तीन दिवसांत रोजची नोंदणी 3,000 वरनं 3,50,000 वर गेली. दुकानात येणारा प्रत्येक दुसरा माणूस "टाकलं का?" म्हणून विचारायचा, अशात जे खत मागायला आले ते पण ॲपवर बोलायले. मी टाकलं. दिसायला सुटसुटीत, मीटिंगचा वेगळा टॅब आहे तो मला चांगला वाटला, लिंक करून लोकांना घेता येतं. त्यावेळी कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे मधल्या कुणाला ऐकता येणार नाही असे, होते पण मेसेज तसे नव्हते, आणि ह्याच्यावर पोरांची लई भांडणं झाली. माझं म्हणणं वेगळं होतं. ॲप कितीबी चांगलं असू दे, माझी पाचही टोकं त्याच्यावर येणार आहेत का? धाकट्याला तिकडनं कॉलला परवानगी नाही, भाच्याकडं फोन नाही, आणि अण्णांना अजून एक चित्र दाखवायचं म्हणजे मी त्या दिवशी घरी जेवायला थांबायलाच नको. ज्यांच्या ग्रुपातली सगळी माणसं एका झटक्यात उठून तिकडं गेली त्यांचं चाललं. आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपातले निम्मे गेले, निम्मे राहिले, आता डीएपी खताची मालगाडी लागल्याची बातमी दोन्हीकडं टाकावी लागती.

आणि त्याच दिवसांत इकडं पाऊस. सप्टेंबरचा तो पाऊस मराठवाड्यात कुणी विसरणार नाही, मांजरा, तेरणा, सीना सगळ्या पात्र सोडून वाहायल्या. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात. आमच्या गावची लाईट गेली, मग टॉवरच्या बॅटऱ्या गेल्या, मग टॉवर. शारजात धाकटा बातम्या बघून येडा व्हायची वेळ, त्याला शेत बघायचं होतं, पाणी कुठवर आलंय, बैल कुठं बांधलेत. मी औशात, मला पण गावाकडं जाता येईना. टॉवर मधनंच पाच-सात मिनिटं जागा व्हायचा आणि परत मरायचा. त्या पाच मिनिटांत कॉल लावून बघितला तर रिंग जाईपर्यंतच नेटवर्क जायचं. तेव्हा कामाला आली ती व्हॉइस नोट. भावजय बोलून ठेवायची, फोन खिडकीत ठेवायची, आणि टॉवर जागा झाला की ती नोट आपोआप निघून जायची, घड्याळाच्या चित्राची टिक व्हायची. कॉलला दोन्हीकडं त्याच क्षणी रेंज लागते, मेसेजला वाट बघता येते, एवढाच फरक, पण तेव्हा तो लई मोठा होता. तिनं शेताचा व्हिडिओ पण काढलेला, बांधावरनं, दीड मिनिटाचा, तो काही जाईना. तिला सांगितलं पंधरा सेकंदाचा कर आणि एचडी बंद ठेव. तो रात्री कधीतरी गेला. त्यात ऊस दिसत होता वरच्या शेंड्यांएवढा, आणि सोयाबीन नव्हतंच, नुसतं गढूळ पाणी आणि मधी विद्युत मोटारीच्या पेटीचं डोकं. धाकट्यानं त्याच्यावर फक्त एवढंच लिहिलं, "बैल?" आणि तिनं अजून एक नोट पाठवली, "मारुतीच्या देवळात बांधलेत."

दुकानामुळं मला हे दुसऱ्या बाजूनं पण माहीत आहे. शेतकरी शेतातनं व्हिडिओ कॉल लावतेत, "पान बघा हे, काय झालंय?" आणि मला नुसता हिरवा चिखल दिसतो, कारण व्हिडिओ कॉलला नेटवर्क कमी पडलं की पहिल्यांदा बारकावेच जातेत, आणि पिवळा मोझॅक हा पिकावरचा रोग म्हणजे सगळा बारकाव्याचाच खेळ, पिवळे चट्टे कसे, शिरा कशा, पानाखाली पांढरी माशी आहे का. मी सगळ्यांना सांगतो, कॉल ठेवा, पानाचे वरनं आणि खालनं फोटो काढा, आणि ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे दाबून बारीक होणार नाहीत. बोलायचं नंतर बोलू.

दिवाळीच्या तोंडाला आम्ही गूगल मीटवर येऊन थांबलो. कारणं अगदी घरगुती. एक, तिकडं परवानगी आहे. दोन, ॲन्ड्रॉइड फोन म्हणलं की गूगलचं खातं असतंच, अण्णांना नवीन पासवर्ड नाही. तीन, दोघांचाच कॉल असला तर चोवीस तास आणि तीन किंवा त्याहून जास्त झाले तर फुकटात 60 मिनिटं, आणि पंचावन्नाव्या मिनिटाला सूचना येती. ती सूचना आली की माय आता "चला, देवाला दिवा लावायचाय" म्हणून स्वतःच आवरतं घेती, कुणाला अपमान वाटत नाही. चार, एकच लिंक बनवून तीच दर रविवारी वापरता येते. ती लिंक मी अण्णांच्या फोनच्या पहिल्या पानावर शॉर्टकट करून ठेवली, बाकीची ॲपं दुसऱ्या पानावर ढकलली. आता त्या पानावर फोन, कॅमेरा, टॉर्च आणि ती लिंक. टॉर्च अण्णांच्या आग्रहावरनं.

कानाचा प्रश्न होता त्याला पण एक प्रयोग केला. बोललेलं लिहून दाखवणारं एक ॲप दुसऱ्या फोनवर चालू करून स्पीकरपाशी ठेवलं, मराठीत. कल्पना चांगली आहे, आणि ताई बोलली की बऱ्यापैकी लिहितं, कारण ती पुण्यात राहून तशी बोलायला लागलीय. पण धाकटा बोलला "काय करायलाव, जेवलाव का", की पडद्यावर "काय कराय लाव जे व लाव" असलं कायतरी, आणि एकदा "बापूचं रान पेरलं का" त्याचं "बापूचं राम पेरू लाख". अण्णांनी ते चष्मा लावून मोठ्यानं वाचलं आणि तिकडं शारजात धाकटा, इकडं आम्ही, सगळे हसून बेजार. अण्णा स्वतः जास्त हसले. मग त्यांनीच मागितलं, कानात घालायची वायरची हेडफोन दे एखादी, साधी. डाव्या कानात घालून बसतेत आता. मशीनचा विषय त्यामुळं परत निघाला आणि ते लातूरला दाखवायला यायला तयार झालेत, तारीख घेतलीय.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी आपापल्या घरी करून ठेवा. व्हिडिओ कॉल शिकवला की त्याच्या मागनं भामटे पण येतेत. आमच्या गावात एका रिटायर मास्तरांना पोलिसाच्या ड्रेसमधल्या माणसाचा व्हिडिओ कॉल आला, तुमच्या नावानं पार्सल सापडलंय, कॅमेऱ्यापुढनं उठू नका, कुणाला सांगू नका. डिजिटल अरेस्ट असलं कायद्यात काहीच नाही, पंतप्रधानांनी 2024च्या ऑक्टोबरमध्ये मन की बातमध्ये सुद्धा सांगितलं होतं. मास्तर हुशार निघाले, त्यांनी "थांबा, लघवीला जाऊन येतो" म्हणून फोन ठेवला आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930ला लावला. मी अण्णांच्या व्हॉट्सॲपला अनोळखी नंबरचे कॉल सायलेंट करून ठेवलेत, आणि स्क्रीन शेअर म्हणून जे बटण आहे ते कुणी कितीबी गोड बोललं तरी दाबायचं नाही, हे त्यांच्याकडनं म्हणून घेतलंय. आपल्या माणसाला काय दाखवायचं असलं तर फोटो पाठवा, स्क्रीन कशाला.

सध्या असं चाललंय. रविवारी रात्री आठला मीट, धाकट्याला पण रविवारची सुट्टी असती. मधल्या वारी व्हॉइस नोटा. भाच्याला बुधवारी होस्टेलच्या वेळेत साधा कॉल, मर्ज. बोटिम भावजयीच्या एकटीच्या फोनमध्ये ठेवलंय, ते नवरा-बायकोचं, त्यात आम्ही कुणी लक्ष घालत नाही.

राहिला एकच ताप. पुतणीला कळलंय की स्क्रीनवर बाबा दिसतो, आणि बाबाला हात लावायचा म्हणून ती बोट लावती, आणि तिचं बोट बरोब्बर लाल बटणावर पडतं. ॲप पिनिंग करून बघितलं, फोनच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटीत असतं, त्यानं ती दुसऱ्या ॲपमध्ये जात नाही पण लाल बटण तसंच राहतं. स्क्रीनवर काचेचं कव्हर उलटं लावून बघितलं, टेप चिकटवून बघितली. फोन उंच फळीवर ठेवला तर रडती. कुणाला कॉल चालू असताना टच बंद करायचं भरवशाचं सेटिंग माहीत असलं, अन् ते अण्णांच्या जुन्या फोनवर चालत असलं, तर सांगा बरं.